अवघड क्षेत्र

आमचं गाव अवघड आहे
हे आम्हाला परिपत्रकातून कळलं.
तोवर आम्ही त्याला नुसतं खारवेळ म्हणत होतो.
तालुक्यापासून अंतर, मध्ये खाडी,
पावसात तर बंद राहण्याचे दिवस,
सगळ्याला गुण होते.
सायबानं आपली होडी टेपानं मोजली म्हणून
बाबल्या तारी आठवडाभर मिरवत होता.

त्या गुणांवर डॉक्टर आला.
पगार, वर दुर्गम भत्ता,
तीन वर्षं काढली तर पुढच्या शिक्षणाला जादा टक्के.
डॉ. विश्वंभर गित्ते, अंबाजोगाईकडचे.
होडीत दोन्ही हातांनी बॅग धरून बसलेले,
जणू बुडालो तर बॅगच तारील.
मी क्वार्टरची किल्ली दिली.
आधीच्या चौघांनाही मीच दिली होती,
म्हणून फार बोलले नाही.
नळाला पाणी कधी येतं, एवढंच सांगितलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात ते रोज एक दिवस खोडायचे.
केर काढताना मला दिसायचं.
राग नाही आला कधी.
उपासाचे सोमवार आपणही मोजतोच.

पण सुकतीला ओपीडी ओस का पडते
हे त्यांचं त्यांनी शोधलं:
बायका कालवं फोडायला खाडीत उतरलेल्या.
मग फळ्यावर वेळ लिहिली,
'भरती लागल्यावर दोन तास.'
जिल्ह्यातून नोटीस आली. फळा तसाच राहिला.
कालवांच्या धारेनं चिरलेले तळवे,
भातकापणीतले ताप,
आणि अडुळकरांच्या पोराला फुरसं चावलं ती रात्र.
तर पलीकडच्या तीरावर, बाबल्या सासुरवाडीला.
फ्रिजमधल्या साऱ्या बाटल्या संपल्या,
डॉक्टर स्टूल ओढून उजाडेपर्यंत लघवीचा रंग बघत बसले.
दुसऱ्या दिवशी तारीख खोडायची राहिली.
तिसऱ्या दिवशीही.
सुलोचना तांडेल मुडदुशे निवडून पाठवायला लागली.
'घाटावरच्यांका काटे कळनत नाय.'

तिसऱ्या वर्षी पूल झाला.
दोन मोर्चांत मी स्वतः होते,
एकदा तर ताप असताना गेले होते.
उद्घाटनाला पेढे मिळाले, अर्धा अर्धा.
बाबल्याची होडी वाळूवर पालथी पडली.
मग दोन महिन्यांनी सुधारित यादी आली.
खाडी: लागू नाही. तर: लागू नाही.
खारवेळ सोपं झालं.
भत्ता गेला, टक्के गेले,
तीन वर्षं व्हायला सात महिने उरले होते.

डॉक्टर तो कागद घेऊन आले.
'सिस्टर, हे बघा.'
बघितला. काय बोलणार?
त्यांच्या पाठची दोघं लातूरला शिकत होती.
डोंगरापलीकडे अजून एक अवघड गाव शिल्लक होतं,
तिथं त्यांनी अर्ज टाकला.
ग्रामसभेत सरपंच म्हणाले, 'पूल पाडूक व्हयो आता.'
सगळे हसले, बाबल्या सोडून.
मोटरसायकलवर बॅग बांधून
ते त्याच पुलावरून गेले.

मला सोळा वर्षं झाली.
अकरा महिन्यांची ऑर्डर, एका दिवसाचा खंड,
पुन्हा अकरा महिने.
मला इथं कुणी आणलं नाही, मी इथलीच.
असल्या माणसासाठी एखादा रकाना असेल
म्हणून परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं,
पान उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

काल रात्री सुलोचनाची सून आली, अवघडलेली,
नववा लागलेला, पावलं सुजलेली,
डोळ्यांपुढे काजवे.
बीपी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा तेवढंच.
गाडीला फोन लावला.
ड्रायव्हर खुशीत होता,
'आता काय, पूल हा! चाळीस मिन्टात इलंय.'
मी तिला मॅग्नेशियम टोचलं,
डाव्या कुशीवर निजवलं,
घड्याळ काढून तिला दिसणार नाही असं ठेवलं.
डॉक्टरांच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

'बाय,' तिनं विचारलं, 'अवघड आसा काय?'
'नाय गो,' मी म्हटलं,
'यादीत नाय.'